दोषांचे अनुकरण

थोरांचे गुण घ्यावे, दोष घेऊ नयेत, हा उपदेश आपण सर्वांनी बाळपणापासून ऐकलेला आहे. परंतु ध्वनिमुद्रणाच्या कलेत सांप्रत याच्या उलट प्रकार दिसतो. तेथे जुन्या यंत्रांतील उणिवा मोठ्या परिश्रमाने शोधून काढून त्यांची हुबेहूब नक्कल करण्यात येते, आणि नक्कल जितकी तंतोतंत, तितकी तिची वाखाणणी होते. यात नीतीचा काही प्रश्न आहे काय, याचा विचार करण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. गाणाऱ्याचा आवाज कधी कुजबुजीइतका मंद असतो, तर कधी एकाएकी प्रखर होतो. त्याने मर्यादा ओलांडली म्हणजे त्यास आपोआप आवरावे व तो उतरला म्हणजे सैल सोडावे, एवढ्याचसाठी काँप्रेसर नावाचे यंत्र निर्माण झाले. अमेरिकेत रेन नार्मा या एस्टोनियन अभियंत्याने रचलेले फेअरचाइल्ड ६७० हे यंत्र वीस व्हॉल्व्हचे असून त्याचे वजन ३० किलोच्या आसपास भरते. कॅलिफोर्नियातील जेम्स लॉरेन्स यांचे टेलेट्रॉनिक्स एलए-२ए हे त्याहून साधे. परंतु त्याची युक्ती मोठी मनोहर आहे. आवाज वाढला की आत एक लहानसा पट्ट प्रकाशमान होतो. त्यासमोरील कॅडमियम सल्फाइडचा विद्युत्-रोध त्या प्रकाशाने घटतो आणि त्यायोगे आवाज आवरला जातो. प्रकाश मावळला तरी तो पदार्थ तत्काळ पूर्वस्थितीस येत नाही. निम्मी पकड क्षणात सुटते, उरलेली सुटण्यास काही सेकंद लागतात. आणि प्रकाश जितका दीर्घकाळ पडला असेल, तितका हा विलंब वाढतो. जणू त्या जड पदार्थास स्मृती आहे! ही स्मृती त्या द्रव्याचा स्वभावच होय. व्हॉल्व्ह आणि ट्रान्सफॉर्मर हेही ध्वनीस आपापला किंचित रंग देतात, तोही असाच.

आता संगणकाकडे वळू. त्यास केवळ आकडे ठाऊक. आवाज आवरण्याचे काम तो कसलाही रंग न चढविता बिनचूक करू शकतो. तथापि अनेकांची ओढ आहे ती त्या मंद सुटकेचे व त्या रंगाचे गणित मांडणाऱ्या प्रणालींकडे. १९६० नंतरच्या दशकात ११७६ हे प्रसिद्ध यंत्र निर्माण करणारे बिल पटनम यांच्या पुत्रांनी १९९९ साली युनिव्हर्सल ऑडिओ ही संस्था पुन्हा उभी केली; ती जुन्या यंत्रांच्या प्रतिकृतीही करते आणि त्यांची संगणकीय रूपेही. पडद्यावर जुनी तबकडी, जुनी बटणे आणि थरथरणारा काटा दिसतो. काही प्रणालींत तर वीजप्रवाहाची घरघरही मुद्दाम ठेविलेली असून, ती सेकंदास ५० आवर्तनांची हवी की ६० आवर्तनांची, की मुळीच नको, हे ठरविण्यास निराळी कळ असते!

ही नक्कल म्हणजे असत्य होय, असा आक्षेप सहज सुचतो; पण तो टिकत नाही. असत्यास फसविला जाणारा कोणी तरी लागतो. विकत घेणाऱ्यास आपण काय घेतो हे ठाऊक असते, आणि ऐकणाऱ्यास गीताचे वचन दिलेले असते, यंत्राचे नव्हे. शिवाय मूळ फेअरचाइल्डसाठी आज हजारो डॉलर मोजावे लागतात. जे काही थोड्या धनिकांच्याच हाती राहिले असते, ते अल्प मोलात एखाद्या होतकरू विद्यार्थ्याच्या हाती पडत असेल, तर त्यात अन्याय कोणता?

खरा प्रश्न आदराचा आहे. पूर्वीच्या ध्वनिमुद्रकांनी त्या घरघरीशी जन्मभर झुंज दिली. त्यांच्या शत्रूस विकत घेऊन घरात बसविणे, हा त्यांचा गौरव की उपहास? यावर कोणी म्हणेल, एलए-२एची ती मंद सुटकाही मुळात लाचारीच होती, मग तिलाही टाकून द्यावे काय? आम्हांस तसे वाटत नाही. तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली सुताचा धागा सरकवून जवारी लावतात. अनभिज्ञास ती केवळ खरखर वाटेल. परंतु तिच्यावाचून षड्ज भरून येत नाही. एखादी गोष्ट कशी जन्मास आली यावरून ती गुण की दोष हे ठरत नाही. ती गाण्याच्या कोणत्या उपयोगी पडते यावरून ठरते. त्या मंद सुटकेने मानवी कंठ सहज व एकजीव वाटत असेल, तर तिचा जन्म लाचारीत झाला म्हणून काय बिघडले? घरघरीने मात्र बहुधा जुन्या काळाच्या आठवणीपलीकडे काही साधत नाही.

हा निवाडा कानाने करावयाचा असतो, आणि धोका आहे तो येथेच. डोळ्यांसमोर जुना काटा हलू लागला की कान भाविक होतो. किंचित मोठा आवाज आपल्यास सहजच अधिक गोड वाटतो. म्हणून नक्कल लावलेला व न लावलेला असे दोन्ही ध्वनी प्रथम समान पातळीवर आणावे, पडदा झाकावा, आणि मग ऐकावे. यंत्राचे नाव व चित्र नाहीसे झाल्यावरही जे हवेसे वाटते, ते निःशंकपणे घ्यावे. जे वाटत नाही, ते कितीही पूज्य असले तरी सोडून द्यावे. लॉरेन्स आणि नार्मा यांनीही आपल्या काळी उपलब्ध असलेली साधनेच हाती घेऊन काम केले. त्यांच्या यंत्रांपुढे हात जोडून आपला विवेक गहाण टाकणाऱ्याने त्यांच्यापासून काय घेतले?

एकलव्याने गुरूची मूर्ती मातीची केली, आणि ती मातीची आहे हे तो कधी विसरला नाही. नेम त्यास स्वतःच्याच डोळ्याने धरावा लागला.