पहिलीचा पहिला धडा

आपल्या तेलंगणात उन्हाळ्याची सुट्टी संपून बहुतेक वर्षी १२ जूनला शाळा उघडतात. त्याच सुमारास सरकारी शाळांची ‘बडी बाट’ मोहीम चालू असते. तेलुगूत बडी म्हणजे शाळा आणि बाट म्हणजे वाट. शिक्षक गावात दारोदार फिरतात, पहिलीच्या वयाची लेकरं शोधतात, घरच्यांना समजावतात आणि नावं लिहून घेतात. मोहिमेत एक दिवस सामूहिक अक्षराभ्यासाचा असतो. त्या दिवशी मोठं माणूस लेकराचा हात हातात धरून पाटीवर पहिलं अक्षर गिरवून घेतं. बासरच्या सरस्वतीच्या देवळात हेच होतं. २०१६ च्या विभाजनाआधी बासर आपल्याच आदिलाबाद जिल्ह्यात होतं, आता ते निर्मल जिल्ह्यात आहे. नांदेडकडची मराठी माणसंही लेकरं घेऊन तिथं जातात.

हे सगळं झालं की पंधरा-वीस दिवसांत शाळेतून निरोप येतो, पहिलीच्या पालकांची सभा आहे. वर्गाची, बाईंची, पुस्तकांची आणि नियमांची पालकांना ओळख करून द्यायची असते. तासाभराचं काम. माझ्या मनात मात्र या तासाबद्दल बरेच दिवस एक प्रश्न घोळतोय. पाटीवर पहिलं अक्षर काढताना लेकराच्या हातावर आईचा हात होता. शाळा सुरू झाली की त्या हाताचं काय होतं? आईनं लेकरू सोपवायचं आणि फाटकाबाहेर थांबायचं, की आत तिच्यासाठीही काही जागा असते? याचं उत्तर त्या पहिल्या सभेतच मिळतं. कुणी ते तोंडानं सांगत नाही, पण सगळ्यांना कळतं. लेकरालाही कळतं.

सभेत बहुतेक ठिकाणी काय सांगतात ते आपल्याला पाठ आहे. गणवेश कोणत्या वारी कोणता, बूट कसले, फी कधी भरायची, डायरीवर सही रोज हवी, डब्यात काय देऊ नये, आणि शेवटी, घरी मुलाशी इंग्रजीतच बोला. मग “काही शंका?” असं विचारतात. शंका कुणालाच नसते. सगळ्या माना हलतात. ज्यांना समजलं त्यांच्या हलतात आणि ज्यांना समजलं नाही त्यांच्या जरा जास्तच हलतात.

मी बी.ए. झालेली, म्हणून ओळखीच्या बायका अशा सभेला मला सोबत नेतात. एकदा बेल्याकडच्या कापूसवाल्या शेतकरी घरातली एक सून माझ्याबरोबर होती. घरात मराठी, शेतात मराठी, बाजारापुरती तेलुगू. शाळा खासगी, शहरातली. सभा इंग्रजीत झाली, अधूनमधून तेलुगू. ती मागच्या बाकावर फॉर्मवर हात ठेवून बसलेली. मधूनच माझ्या कानाशी लागून विचारायची, “ताई, काय म्हणाल्या त्या?” मी सांगायला लागले की पुढच्या बाई मागं वळून बघायच्या. तिचा सहा वर्षांचा पोरगा शेजारीच उभा होता. तो मॅडमकडं बघायचा, मग आईकडं, मग परत मॅडमकडं. त्यालाही भाषणातला शब्द कळत नव्हता. पण आपल्या आईला इथलं काही कळत नाही आणि त्याबद्दल तिला लाज वाटते आहे, एवढं त्याला चांगलं कळलं असणार. पहिलीच्या वर्गात त्याला मिळालेला पहिला धडा तोच. अ-आ-ई त्यानंतर.

मला यातला नैतिक प्रश्न इथं दिसतो. ज्या माणसानं आजवर या लेकराला बोलायला शिकवलं, चालायला शिकवलं, आजारात रात्रभर जागून सांभाळलं, त्या माणसाला शाळेच्या दारात अडाणी ठरवायचा अधिकार कुणाला आहे? आणि तसं ठरवून पुढची दहा वर्षं लेकराला ‘आईचं ऐक’ म्हणून शिकवायचं, हे कसं जमायचं?

यावर दुसरी बाजूही आहे आणि ती खोटी नाही. आपल्या जिल्ह्यातल्या एका वर्गात किती भाषा बसलेल्या असतात बघा. तेलुगू, मराठी, गोंडी, लंबाडी, उर्दू. बाई एकटी. तिनं किती भाषांत बोलावं? वरून सरकारनं २०२२-२३ पासून सरकारी शाळांत पहिली ते आठवी इंग्रजी माध्यम आणलं. त्याआधी २०१८ च्या कायद्यानं सगळ्या शाळांत तेलुगू शिकवणं सक्तीचं झालं. पैनगंगेकाठच्या गावांत पिढ्यान्‌पिढ्या मराठी शाळा चालत आल्या, पण आज तिथल्या आईबापांनाही आपलं पोर इंग्रजी शिकावं असंच वाटतं. त्या इच्छेत काही गैर नाही. पोर हैदराबादला गेलं तर तेलुगू लागणार, पुढं गेलं तर इंग्रजी लागणार. मी कुठल्याच भाषेच्या विरुद्ध बोलत नाही. मुलानं कोणत्या भाषेत शिकावं हा एक प्रश्न झाला. मुलाच्या आईशी कोणत्या भाषेत बोलावं हा अगदी वेगळा प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर तर सोपं आहे: तिला समजेल त्या.

आपण लहानपणापासून समवसरणाचं वर्णन ऐकत आलो. भगवंतांची देशना व्हायची आणि तिथं बसलेल्या प्रत्येक जीवाला, माणसांना आणि पशुपक्ष्यांनाही, ती आपापल्या भाषेत कळायची. बालपणी मला तो चमत्कार वाटायचा. आता वाटतं, त्यात बोलणाऱ्याला एक शिकवण आहे. ऐकणाऱ्याला समजलं नाही तर बोलणाऱ्याचं काम अजून संपलेलं नाही. पाच समितींमधली भाषा समिती आपण कठोर बोलू नये, खोटं बोलू नये एवढीच धरून बसतो. हितकारक आणि मोजकं बोलावं, हेही त्यात आहे. समोरच्याला कळतच नसेल, तर आपलं बोलणं त्याच्या हिताचं कसं होणार?

हे जमत नाही असं कुणी म्हणालं तर त्याला मारलवाईची गोष्ट सांगावी. तेव्हाच्या आदिलाबाद जिल्ह्यातलं आणि आता कुमरम भीम आसिफाबाद जिल्ह्यात गेलेलं हे गोंडांचं गाव. १९४० मध्ये जोडेघाटला कुमरम भीम मारला गेला. त्यानंतर निजाम सरकारला प्रश्न पडला की हे लोक का चिडले आहेत. तिथं मानववंशशास्त्राचे अभ्यासक क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेंडॉर्फ येऊन राहिले. १९४३ मध्ये मारलवाईत गोंड तरुणांना शिक्षक बनवायचं केंद्र सुरू झालं. पहिली पुस्तकं गोंडी भाषेत झाली, आणि लिपी घेतली देवनागरी, कारण या भागातल्या गोंडांना मराठीची ओळख होती. शिकवणारा त्यांच्यातलाच, भाषा घरचीच. अशा शाळेत पाऊल टाकताना आईबापांना दुभाषा लागला नसेल. लढाई चालू असतानाच्या काळात, रस्ते नसलेल्या डोंगरात जे झालं, ते आज शहरातल्या पंख्याखालच्या सभेला जड का जावं? पालकांमध्येच दोन-तीन भाषा येणाऱ्या दोघी-तिघी असतात. त्यांना आधी सांगून ठेवलं, चार वाक्यं झाली की थांबलं आणि त्यांना सांगू दिलं, तर तासाचे दीड तास होतील. एवढंच.

भाषेइतकाच महत्त्वाचा दुसरा प्रश्न, सांगायचं काय. पैनगंगेपलीकडं महाराष्ट्रात २०२२ पासून ‘पहिले पाऊल’ या नावानं शाळापूर्व तयारी मेळावे होतात. करोनाच्या दोन वर्षांत अंगणवाडीचं तोंड न पाहिलेली लेकरं थेट पहिलीत येणार होती, त्यातून हे सुरू झालं. उन्हाळ्यात पहिला मेळावा. शाळेच्या पटांगणात टेबलं मांडलेली असतात. एका ठिकाणी लेकरू उड्या मारतं, एका ठिकाणी वस्तूंच्या जोड्या लावतं, एका ठिकाणी चित्र बघून गोष्ट सांगतं, एका ठिकाणी मोजतं. आई शेजारी उभी राहून बघते. मग गावातल्या आयांचे गट करतात, त्यांना सोपी कार्डं देतात, आणि सुट्टीभर त्या घरी लेकराबरोबर तसले खेळ करतात. जूनमध्ये दुसरा मेळावा, त्यात पुन्हा बघायचं की लेकरू कुठवर आलं.

यात मला आवडतं ते हे की आईच्या हातात काम दिलं. डाळीतून चवळी वेगळी काढ, भाकरी मोज, पाण्याचे तांबे भर आणि कुठल्यात जास्त मावलं ते सांग. हे सगळं तिला येतंच. तिला येतं त्यातच शिक्षण आहे, असं तिला कुणीतरी सांगितलं. बूट काळे आणावेत एवढंच ऐकून घरी गेलेली आई आणि उद्यापासून लेकराबरोबर काय करायचं ते समजून घरी गेलेली आई, यांच्या घरात पुढचं वर्ष सारखं जात नाही.

कायदाही आईच्या बाजूचा आहे, पण तो आपल्याला कुणी वाचून दाखवत नाही. शिक्षण हक्काचा कायदा २००९ चा, १ एप्रिल २०१० पासून लागू. त्यात शिक्षकाच्या कर्तव्यांत लिहिलं आहे की पालकांच्या नियमित सभा घ्याव्यात आणि मुलाची हजेरी, त्याची शिकण्याची क्षमता, त्याची प्रगती त्यांना सांगावी. म्हणजे सभा हा शाळेचा उपकार नाही. त्याच कायद्यात प्रवेशासाठी मुलाची किंवा आईबापांची परीक्षा घ्यायला बंदी आहे. घेतली तर पहिल्या वेळी २५,००० रुपयांपर्यंत दंड आणि पुढच्या प्रत्येक वेळी ५०,००० पर्यंत. सरकारी आणि अनुदानित शाळांतल्या व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सभासद पालक असावेत आणि एकूण समितीत निम्म्या बायका असाव्यात, असंही आहे. २०२४ मध्ये आपल्या सरकारनं ‘अम्मा आदर्श पाठशाला’ समित्या केल्या, त्यात बचत गटाच्या बायकांकडं शाळेची दुरुस्ती, पाणी, संडास अशी कामं दिली. कागदावर आईला मान आहे. तो कागदावरून बाकापर्यंत यायचा आहे.

इथं मला आपल्या घरांकडंही बघावंसं वाटतं. ‘पालक सभा’ म्हणतात खरं, पण खुर्च्यांवर बसलेल्या असतात बायकाच. कोणत्या शाळेत घालायचं, किती फी परवडते, ते पुरुष ठरवतात. निरोप ऐकायला, बोलणी खायला आणि डायरीवर सही करायला आई. मुलगा चुकला तर “आई लक्ष देत नाही” हे शाळाही म्हणते आणि घरही. वडिलांनी वर्षातून एकदा तरी त्या छोट्या बाकावर गुडघे मुडपून बसावं. लेकराला तेही बघायला मिळू दे.

आणि एक गोष्ट जी बोलायला जरा जड जाते. आपल्या समाजातल्या पुष्कळ घरांची दुकानं आहेत, घरी कामाला बाई आहे. आपल्या नातवंडांच्या सभेला आपण गाडीतून जातो. त्याच आठवड्यात दुकानातल्या माणसाच्या किंवा भांडी घासणाऱ्या बाईच्या लेकराचीही सभा असते. ती सुट्टी मागते तेव्हा आपण काय म्हणतो? “सभेला काय जायचं, तुला काय कळणार तिथं?” शेतमजूर बाईचं तर आणखी अवघड. जून म्हणजे आपल्याकडं कापसाच्या पेरणीचे दिवस. पाऊस पडला की त्याच दिवशी शेतावर जावं लागतं, नाहीतर मजुरी बुडते. शाळेनं सभा सकाळी अकराला ठेवली आणि ती आली नाही, की वहीत शेरा पडतो, पालक बेपर्वा. बेपर्वा कोण, हे वहीला कसं कळणार?

अहिंसेचा विचार करताना आपण पाणी गाळतो, जेवणाची वेळ पाळतो. तो चांगलाच आहे. पण एखाद्या आईला तिच्या लेकराच्या शाळेपासून एका दिवसाच्या मजुरीसाठी अडवणं, हेही कुणाला तरी दुखावणंच आहे. त्यावर उपाय फार मोठा नाही. जूनमध्ये कामाच्या बाईला विचारावं, तुझ्या लेकराची सभा कधी आहे? त्या दिवशी पगार न कापता तिला सोडावं आणि भांडी आपण घासावीत. दुकानात हा नियमच करून टाकावा. ज्यांना दोन भाषा येतात त्यांनी जवळच्या सरकारी शाळेत जाऊन सांगावं, सभेला मी येते, मराठी बायकांना समजावून सांगेन. शाळा नाही म्हणेल असं मला वाटत नाही. बाईंनाही मदत हवीच असते, एकटीनं तीस-चाळीस लेकरं आणि पाच भाषा ओढणं काही सोपं नाही.

सभा चांगली झाली की नाही हे बाईंच्या भाषणावरून किंवा पडद्यावर दाखवलेल्या चित्रांवरून ठरवू नये. मागच्या बाकावरच्या आईला बाहेर आल्यावर विचारावं, “काय सांगितलं गं आत?” तिनं स्वतःच्या शब्दांत सांगितलं, आणि तिचं बोट धरून चाललेल्या लेकरानं मान वर करून ते ऐकलं, तर शाळेचं वर्ष नीट सुरू झालं असं समजावं.