कोयता पेलतो, म्हणजे मोठा झाला

‘नाशिक जिल्हा, कायद्याचा बालेकिल्ला’ हे वाक्य आता शहरातल्या शेंबड्या पोरालाही पाठ झालं आहे. कालपर्यंत फ्लेक्सवर गॉगल लावून मिरवणारे भाई-दादा पोलिसांच्या कॅमेऱ्यासमोर तेच घोकताना दिसतात. आपण ते सकाळच्या चहाबरोबर बघतो, आणि खोटं कशाला बोला, बरंही वाटतं. (खटला उभा राहण्याआधीच बरं वाटावं का, हे पुन्हा कधीतरी.) खटकलं ते त्यामागून आलेलं मागणं: सोळा-सतरा वर्षांच्या पोरांनाही याच रांगेत उभं करा, तोंडं दाखवा, वयाची सवलत पुरे झाली. जरब बसेल, जागृती होईल, अशी किरकोळ कारणं सोबत असतातच. पण सगळ्यांचं लाडकं कारण एकच: ‘हल्लीची मुलं लवकर मोठी होतात हो!’

होतात का? सतरा वर्षांच्या मुलाला गंगापूर रोडच्या क्लासला आई सोडते, त्याने सायन्स घ्यायचं की कॉमर्स हे मामा ठरवतो, प्रवेशाचा अर्ज बाबा भरतात आणि चुकला तर कॉलेजात जाऊन भांडतातही बाबाच. मार्क कमी पडले तर वयच तसं असतं. सिगारेट सापडली तर संगत वाईट असते. त्याचं स्वतःचं म्हणून काही नसतंच. त्याला मत नाही, मोटारीचं लायसन नाही, एकविसाच्या आत लग्न नाही. वडिलांमागे सातबारावर त्याचं नाव चढलंच, तर पुढे ‘अ.पा.क.’ लागतं, म्हणजे अज्ञान पालनकर्ता. तलाठ्याच्या लेखी अज्ञान असलेला हा इसम व्हॉट्सॲपच्या लेखी मात्र एका रात्रीत सज्ञान होतो, कारण त्याने कोयता उचलला. कोयत्याच्या वजनावरच मोठेपण मोजायचं, तर उसाच्या फडात दहा-बारा वर्षांचं पोरही तो उचलतं. मोठं झालं म्हणून त्याला कुणी पुरी मजुरी दिल्याचं ऐकिवात नाही. आणि पुण्यात, कल्याणीनगरात, मे २०२४ मध्ये? सतरा वर्षांचा मुलगा पोर्श घेऊन निघाला तेव्हा तो मोठा होता, दोन जीव गेल्यावर लहान झाला, जामिनासाठी तीनशे शब्दांच्या निबंधाची अट घातल्याची बातमी आल्यावर पुन्हा मोठा. रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपाखाली जे पकडले गेले, त्यांच्या वयाबद्दल मात्र कुणाला शंका नव्हती.

कायदा इतका भाबडा नाही. (‘विधिसंघर्षित बालक’ हा त्याचा शब्द उच्चारताना जीभ अडखळते, हे मान्य, शासकीय मराठीवर माझा राग जुनाच आहे.) २०१५ च्या कायद्यात सोळा ते अठराच्या मुलाने किमान सात वर्षांच्या शिक्षेचा गुन्हा केला, तर त्याची समज बाल न्याय मंडळाने तपासायची आणि प्रौढांसारखा खटला चालवायचा की नाही हे ठरवायचं, अशी सोय आहे. हे काम नाजूक आहे, मंडळात मानसशास्त्र जाणणारं कुणी नसेल तर तज्ज्ञाची मदत घ्यायलाच हवी, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये बजावलं. मंडळाला त्यासाठी तीन महिने दिलेत. ग्रुपवर ते तीन मिनिटांत उरकतं. मुलाचा फोटो, नाव, शाळा छापणं हा कलम ७४ खाली गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड. जागृतीसाठी फोटो पुढे ढकलणाऱ्यांनी हीही जागृती करून घ्यावी. आणि पोरांच्या गुन्ह्यांचं पीक किती माजलंय? २०२२ साली देशात ५८ लाखांवर गुन्हे नोंदले गेले, त्यात अठराच्या आतल्यांवरचे ३०,५५५. शंभरामागे जेमतेम अर्धा. ज्या घरातलं माणूस गेलं त्या घराला हा हिशेब सांगू नये, सांगून उपयोगही नाही. मारणाऱ्याचं वय कळलं म्हणून तिथे कुणाचं दुःख कमी होत नाही, आणि याला माझ्याकडेही उत्तर नाही.

एक आक्षेप मात्र खरा आहे: शिक्षा कमी म्हणून टोळ्या मुद्दाम पोरांना पुढे करतात. करतात की! मग पुढे करणाऱ्याचं काय? याच कायद्याच्या कलम ८३ मध्ये, मुलांना बेकायदा कामाला जुंपणाऱ्या प्रौढाला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाख दंड आहे. नव्या न्याय संहितेचं कलम ९५ तर किमान तीन वर्षं आणि कमाल दहा सांगतं. उंटवाडी रस्त्यावरच्या निरीक्षणगृहात पोरगं पोचतं, त्याच्या हाती कोयता देणारा पुढच्या वाढदिवसाला चौकात झळकतो, खाली ‘शुभेच्छुक’ म्हणून आणखी वीस पोरांचे चेहरे. माझं फ्लेक्सचं तुणतुणं वाचकांना कंटाळवाणं होत असेल. काय करणार, तिथलेच चेहरे पुढे बातमीत येतात. सिंहस्थासाठी शहर चकाचक व्हायचं आहे, तोवर ही झाडलोटही वरच्या मजल्यापासून सुरू करावी. कलम ८३ खाली पकडलेला एखादा दादा दिसला, तर तो व्हिडिओ मीही चहाबरोबर बघेन, बिस्किटं घेऊन.