हुद्द्याविना अधिकार

लष्करी दप्तरात माणसाच्या शब्दाला वजन येते ते बहुधा त्याच्या हुद्द्यावरून. आणि म्हणूनच ज्याच्या अंगावर गणवेश नाही, ज्याच्या हाताखाली एकही शिपाई नाही, मुलकी नोकरीतील ज्याचा दर्जाही बेताचाच आहे, अशा अवघ्या २८ वर्षांच्या एका पदार्थवैज्ञानिकाने महायुद्धाच्या ऐन धुमश्चक्रीत पंतप्रधान व वायुदलाचे श्रेष्ठी यांच्यासमोर आपले म्हणणे मांडावे आणि ते मान्य व्हावे, ही घटना मला त्या युद्धातील कित्येक लढायांहून अधिक चिंतनीय वाटते. या गृहस्थांचे नाव रेजिनाल्ड व्हिक्टर जोन्स. ऑक्सफर्डच्या क्लॅरेंडन प्रयोगशाळेत लिंडमन यांच्यापाशी त्यांनी अध्ययन केले, १९३६ मध्ये ते ब्रिटनच्या हवाई मंत्रालयाच्या चाकरीत शिरले, आणि सप्टेंबर १९३९ मध्ये, जर्मनी विज्ञानाची कोणती नवी आयुधे वापरणार याचा छडा लावण्यासाठी, त्यांची नेमणूक हेरखात्यात झाली.

१९४० च्या जूनमध्ये त्यांच्या टेबलावर जो पुरावा होता तो किती तुटपुंजा होता! शत्रूच्या सांकेतिक संदेशांपैकी उलगडलेली एक त्रोटक ओळ, तीत क्लेव्ह या गावाचे नाव आणि इंग्लंडच्या भूमीवरील एका बिंदूचे अक्षांश-रेखांश. पाडलेल्या हाइंकेल विमानातील, धावपट्टीवर उतरण्यापुरता म्हणून बसविलेला, परंतु त्या कामाला लागेल त्याहून कितीतरी अधिक संवेदनक्षम असा एक बिनतारी ग्राहक. आणि, कितीही शोधले तरी ते यंत्र ब्रिटिशांना सापडायचे नाही, हे एका युद्धकैद्याने आपल्या सोबत्याला सांगितलेले आणि चोरून ऐकले गेलेले बोलणे. यंत्र सापडणार नाही याचा अर्थ ते डोळ्यांसमोरच असले पाहिजे, असे अनुमान जोन्स यांनी बांधले, आणि हे तीन धागे एकत्र गुंफून, जर्मन विमाने काळोखातही बिनतारी किरणांच्या आधाराने आपले लक्ष्य गाठतात, असा सिद्धान्त मांडला.

२१ जून रोजी पंतप्रधानांच्या निवासस्थानी बैठक भरली. बोलावणे आले तेव्हा सहकाऱ्यांनी थट्टा मांडली असावी असे वाटून जोन्स उशिरा पोहोचले. पण पोहोचल्यावर, वडीलधारी मंडळी अर्धवट माहितीवर वाद घालीत आहेत असे पाहून, त्यांनी सारी हकीकत आरंभापासून सुमारे वीस मिनिटे सांगितली, आणि चर्चिल यांनी ती लक्षपूर्वक ऐकली. त्याच दिवशी, असे किरण पृथ्वीच्या वक्रतेमुळे इतक्या दूर पोहोचणारच नाहीत, असे मत बिनतारी विद्येतील एका ख्यातनाम तज्ज्ञाने दिले, आणि शोधासाठी ठरलेले उड्डाण रद्द करण्याची भाषा सुरू झाली. जोन्स यांनी मात्र, खुद्द पंतप्रधानांच्या हुकुमाची आठवण देऊन, ते उड्डाण होऊ दिले. रात्री ॲन्सन विमानाला स्पॉल्डिंग गावाच्या दक्षिणेस तो किरण सापडला. त्याची रुंदी पाचशे यार्डांहून अधिक नव्हती. मला यातील मोठेपण अनुमानाच्या चतुराईत तितकेसे दिसत नाही, जितके ते स्वतःचे अनुमान खोटे ठरण्याची पूर्ण संधी स्वतःहून देण्यात दिसते. ज्याला हुद्द्याचे पाठबळ नाही त्याला पडताळ्यावाचून दुसरा आधारच नसतो.

परंतु पुढच्याच नोव्हेंबरात या पद्धतीची मर्यादाही उघड झाली. किरणांची नवी, अधिक अचूक योजना घेऊन येणारे एक जर्मन विमान डॉर्सेटच्या किनाऱ्यावर उतरले. ते भूसेनेच्या ताब्यातले की नौदलाच्या, या वादात ते खोल पाण्यात ओढले जाऊन बुडाले, आणि त्यातील यंत्रे समुद्राच्या पाण्याने भरली. त्यांची तपासणी होऊन, आपण शत्रूच्या संकेतावर जो अडथळ्याचा स्वर सोडतो तो सेकंदास १,५०० कंपनांचा, तर त्यांच्या ग्राहकातील गाळणी २,००० कंपनांची आहे, हे लक्षात येण्यास उशीर झाला. १४ नोव्हेंबरच्या रात्री कॉव्हेंट्री जळाले. पाचशेहून अधिक माणसे मेली. एवढा एक फरक दूर झाला असता तर ते नगर वाचलेच असते असे मी म्हणत नाही, कारण ती चांदणी रात्र होती; पण ज्ञान हाताशी असूनही सेनादलांच्या मानापमानापायी ते वाळूत लोळत पडावे, याचा संताप आजही येतो.

फेब्रुवारी १९४२ मध्ये फ्रान्सच्या ब्रुनेव्हाल येथून छत्रीधारी सैनिकांनी जर्मन रडारचे भाग काढून आणले, तेही जोन्स यांच्याच आग्रहावरून. या कामगिरीबद्दल त्यांना 'कंपॅनियन ऑफ द बाथ' हा किताब द्यावा अशी शिफारस चर्चिल यांनी केली, तेव्हा एवढ्या खालच्या श्रेणीच्या अधिकाऱ्याला तो देता येत नाही म्हणून मुलकी सेवेच्या वरिष्ठांनी कडाडून हरकत घेतली, आणि कमी प्रतीच्या मानावर तडजोड झाली. 'बाथ'चा तो किताब त्यांना १९४६ मध्ये मिळाला, आणि त्याच वर्षी हेरखाते सोडून ते अबर्डीन विद्यापीठात प्राध्यापक झाले.

पुन्हा पंतप्रधान झालेल्या चर्चिल यांनी १९५२ मध्ये त्यांना वैज्ञानिक हेरगिरीचे संचालक म्हणून परत बोलावले. या वेळी पदनाम थोर होते, दालन होते. पण माहिती गोळा करण्यापासून तिचा निष्कर्ष वरपर्यंत थेट नेण्यापर्यंतचा तो सलग मार्ग समित्यांच्या शिरस्त्यात विभागला गेला होता. जोन्स सुमारे वर्षभरातच अबर्डीनला परतले, आणि १९८१ पर्यंत तेथेच शिकवीत राहिले. हुद्दा नसताना जे त्यांना साधले ते हुद्दा मिळाल्यावर साधले नाही, आणि याचा दोष मी त्यांना नव्हे, त्या दप्तराला देतो.