बर्जिल्लयाचें उत्तर
शास्त्रपाठ : २ शमुवेल १९:३१-४०



दावीद राजा पुत्राच्या बंडामुळें परागंदा होऊन महनाईम येथें राहिला असतां, ज्यांनीं त्यास अन्न व बिछाने पुरविले त्यांत गिलादाचा बर्जिल्लय होता. राज्य परत मिळाल्यावर राजानें त्यास यरुशलेमेस चलण्याची विनंती केली. परंतु तो ऐंशीं वर्षांचा वृद्ध म्हणाला कीं, आतां आपणांस अन्नाची रुचि कळत नाहीं, गायकगायिकांचे स्वर ऐकूं येत नाहींत, आणि राजाला आपला भार नको.

हें उत्तर आजही वृद्धाश्रमांतून ऐकूं येतें. ऐकूं न येणें हें एक दुःख. आपण भार झालों असें वाटणें हें त्याहून मोठें.

नाताळांत मंडळीचे तरुण पेटी-तबला घेऊन वृद्धाश्रमांत जातात, हें स्तुत्य आहे. परंतु चार गीतें गाऊन, फळें वाटून, छायाचित्र काढून परतलेले पुढच्या नाताळापर्यंत तिकडे फिरकत नसतील, तर तो सण कोणाचा झाला? त्यांचा, कीं आमचा?

इटलींतील संगीतकार जुझेप्पे व्हेर्दी ह्यानें मिलान शहरीं वृद्ध व गरजू गायकवादकांसाठीं आश्रम बांधविला. पण कोणीं आभार मानूं नयेत म्हणून आपल्या हयातींत तो उघडूं दिला नाहीं. तो १९०१ सालीं वारला, आणि १९०२ सालीं तेथें पहिले रहिवासी आले. आश्रम अद्याप चालू आहे, व अलीकडे संगीत शिकणारे तरुणही तेथें वृद्धांच्या सोबतीनें राहतात. आभाराची अपेक्षा सोडली म्हणजे सेवा किती टिकते, हें यावरून दिसतें.

आतां दाविदानें काय केलें तें पाहा. तो स्वतः वीणा वाजविणारा. शौलाच्या व्याकुळ मनाला त्याच्याच वादनानें आराम पडे. तरी त्यानें वृद्धाशीं वाद घातला नाहीं. त्याचें म्हणणें मान्य केलें, निरोप देतांना त्याचें चुंबन घेतलें व त्यास आशीर्वाद दिला. इतकेंच नव्हे, तर मरणसमयीं शलमोनाला आज्ञा देतांना बर्जिल्लयाच्या पुत्रांची आठवण ठेविली. आधीं ऐकणें, मग जवळ जाणें, आणि शेवटपर्यंत न विसरणें, असा हा क्रम आहे.

म्हणून वृद्धांपुढें गाणाऱ्यांनीं प्रथम त्यांस विचारावें. ज्यास गाणें नको, त्याच्याजवळ नुसतें बसावें. वार्धक्यांत बहुधा उंच स्वर आधीं ऐकूं येईनासे होतात. यास्तव पट्टी खालची, लय संथ, तबला हलका व उच्चार स्पष्ट असावा, आणि ओठ दिसतील असें समोर बसावें. ज्यांस मुलांचीं नांवेंही आठवत नाहींत, त्यांस तरुणपणीं पाठ केलेलें गीत पुष्कळदां आठवतें. रे. ना. वा. टिळक (१८६१-१९१९) ह्यांचीं गीतें म्हणत जे वाढले, त्यांच्यापुढें एक चरण गाऊन थांबावें. पुढचा कदाचित् तेच म्हणतील. त्या क्षणीं ते भार नसतात, दाते असतात.

अन्य धर्मीयांस त्यांची ओवी किंवा अभंग विचारावा. अंथरुणास खिळलेल्यास उठून जातां येत नाहीं. त्याच्या असहायतेचा लाभ घेऊन त्यास उपदेश ऐकविणें हें प्रीतीचें लक्षण नव्हे.

आपल्या गांवाजवळ वृद्धाश्रम नसेल. पण जिला आतां मंदिराची पायरी चढवत नाहीं अशी एखादी आजी आपल्याच गल्लींत ओसरीवर बसलेली असेल. महिन्यांतून एक वार ठरवून दोघांतिघांनीं तिच्याकडे जावें, आणि “आजी, तुम्ही कोणतें गीत म्हणत होतां?” असें विचारावें. प्रभु तुम्हांस ऐकणारा कान व न थकणारे पाय देवो. आमेन.