पवनेचे पाणी आणि माणसांचे हक्क

हिवाळी सुट्टीत मुलाबाळांसह मावळातील पवना धरणावर अवश्य जा. तुंग, तिकोना, लोहगड यांच्या कुशीतील ते पाणी पाहून निर्माणकर्त्याचे स्मरण होणे हीही इबादतच आहे. मात्र हेच पाणी पुढे नदीने रावेतला जाते आणि पिंपरी-चिंचवडच्या घरोघरी पोहोचते. लोक ते पितात, त्यानेच वुजू करतात. पाणवठा, वाट आणि सावलीच्या जागी घाण करण्यास पैगंबर मुहम्मद (स.) यांनी मनाई केली आहे. अल्लाहच्या हक्कातील कसूर तौबेने माफ होऊ शकते. माणसाच्या हक्कासाठी त्या माणसाचीच क्षमा लागते. पाणी दूषित केले, तर लाखो अनोळखी माणसांची क्षमा कोठे मागणार? म्हणून काठावरून उठताना आपला कचरा सोबत न्या. दुसऱ्याचा उचललात, तर तो सदका ठरेल.