घरात नसलेले काम

गेल्या हिवाळ्यात सोलापूर जिल्ह्यातल्या करकंबला एका करिअर मार्गदर्शन मेळाव्याला गेलो होतो. मुले दीड तास मांडी घालून बसली होती. हारतुरे झाले, स्पर्धा परीक्षेत निवड झालेल्यांचा सत्कार झाला आणि मग बाहेरून आलेल्या वक्त्यांनी मुख्य भाषण केले. ‘ग्रामीण मुलांना करिअर म्हणजे काय हेच माहीत नसते, आणि त्यांच्या आजूबाजूला पाहण्यासारखे काही नसते,’ हे त्यांच्या भाषणाचे सार. टाळ्या पडल्या. उठून उत्तर द्यायला हवे होते, ते मी दिले नाही. ते आज देतो आहे.

पाहण्यासारखे काही नसते, हे करकंबमध्ये उभे राहून म्हणायचे! हे गाव पंढरपूर-टेंभुर्णी रस्त्यावर वसले आहे. उजनीच्या पाण्याने या पट्ट्यात ऊस आणला, द्राक्ष आणले. द्राक्षाच्या मागे बेदाण्याची शेड आली. त्या शेडमध्ये काय चालते ते वक्त्यांनी पाहिले असते तर बरे झाले असते. घड तोडून आणतात आणि पोटॅशियम कार्बोनेट व डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवतात. मण्यावर नैसर्गिक मेणाचा पातळ थर असतो. तो या द्रावणाने मोकळा होतो, पाणी लवकर बाहेर पडते, आणि जाळीवर पसरलेला माल साधारण पंधरवड्यात वाळतो. चार किलो द्राक्षांचा सुमारे एक किलो बेदाणा होतो. यात रसायनशास्त्र आहे, हवामानाचा अंदाज आहे, प्रतवारी आहे, आणि भाव पडला तर माल शीतगृहात ठेवायचा की विकायचा, हा अर्थशास्त्राचा प्रश्नही आहे. याच जिल्ह्यातल्या नान्नजच्या नानासाहेब काळे यांनी स्वतःच्या बागेत निवड करत ‘सोनाका’ हे वाण विकसित केले. शेतकऱ्याने केलेले हे संशोधन नव्हे, तर काय?

करकंबच्या बाजार आमटीचेच पाहा. आठवडी बाजाराला आलेल्या माणसांची भूक भागवायला हे कालवण जन्माला आले, असे सांगतात. अनेक डाळी, काळा मसाला, वर तर्री आणि भाकरी. आज गावाबाहेरच्या हॉटेलांच्या पाट्यांवरही करकंबचे नाव दिसते. दहा माणसांचे प्रमाण शंभर माणसांना कसे वाढवायचे, तिखट कुठे थांबवायचे, सरपण किती लागेल, हे सगळे आचाऱ्याच्या हातात असते. त्याला कोणी कुठल्याही व्यासपीठावर बोलावल्याचे मी पाहिलेले नाही.

माहितीचा अभाव हे रोगाचे निदान ठरले की उपायही माहितीचाच सुचतो. भाषण द्या, तक्ता लावा, चाचणी घ्या. आपल्या राज्याने 2016 पासून काही वर्षे दहावीच्या मुलांची कलचाचणी घेतली. कृषी, वाणिज्य, तांत्रिक, ललित कला, गणवेशधारी सेवा अशा क्षेत्रांत मुलाचा कल कुठे आहे, ते सांगणारा कागद हाती पडायचा. हेतू चांगला होता, याबद्दल मला शंका नाही. पण जी भाजी कधी ताटात पडली नाही, तिची आवड-नावड मूल सांगणार कशी? ज्या मुलीने कधी स्क्रूड्रायव्हर हातात धरला नाही, तिला यंत्रे आवडतात का, हे विचारून काय कळणार? उत्तर येते ते तिच्या आवडीचे नसते. घरात काय बोलले जाते, त्याचे ते असते.

इथे मला डॉ. श्रीनाथ कलबाग आठवतात, आणि त्यांच्यासाठी मी थोडी जास्त जागा घेणार आहे. अमेरिकेत अन्नतंत्रज्ञानात डॉक्टरेट आणि हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन विभागातली वरिष्ठ जागा, एवढे गाठीशी असलेला हा माणूस 1983 साली पुणे जिल्ह्यातल्या पाबळला गेला आणि तिथल्या माळावर त्याने विज्ञान आश्रम उभा केला. पाबळ हे अवर्षणग्रस्त गाव. तिथे जे जमेल ते इतर खेड्यांतही जमेल, असा विचार त्यामागे होता. शाळेत नापास होणारी मुले निर्बुद्ध नसतात, त्यांची बुद्धी हातांतून चालते आणि शाळेने ती वाटच बंद केलेली असते, ही त्यांची धारणा होती. त्यातून शाळांसाठी मूलभूत तंत्रज्ञानाचा अभ्यासक्रम तयार झाला. आठवी ते दहावी, आठवड्यातला एक दिवस आणि चार विभाग: अभियांत्रिकी, ऊर्जा व पर्यावरण, गृह व आरोग्य, शेती व पशुपालन. राज्याच्या माध्यमिक मंडळाने तो विषय म्हणून मान्य केला.

त्यातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट पाठ्यपुस्तकात नाही. मुले सराव म्हणून वस्तू बनवून मोडून टाकत नसत. गावाला लागणारी कामे शाळा घेई: कुणाचे फाटक, कुणाचे वायरिंग, कुणाच्या मातीची तपासणी. शिकवायला गावातलेच कारागीर. गिऱ्हाईक खरे असले की चूकही खरी होते. फाटक तिरके बसले तर मालक बोलतो. मग काटकोन ही भूमितीच्या पुस्तकातली आकृती राहत नाही, अब्रूचा प्रश्न होतो. शाळेत येऊन बोलणारा वक्ता हे कधीच देऊ शकणार नाही. नव्या शैक्षणिक धोरणाने 2020 साली सहावी ते आठवीसाठी दहा दप्तरमुक्त दिवस सुचवले. सुतार, माळी, कुंभार, कलावंत यांच्याकडे मुलांनी जाऊन शिकावे असे त्यात आहे. कलबागांचा आठवड्याचा दिवस दहा दिवसांवर आला, हे दुःख आहे. तरी दार किलकिले झाले, हे मी मान्य करतो.

इथपर्यंतचे सारे मी एका निवृत्त शिक्षक मित्राला वाचून दाखवले. त्यांचे आई-वडील ऊसतोड करायचे. ऐकून ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “सर, तुमच्या पोराला वेल्डिंग शिकवलं तर लोक हौस म्हणतील. आमच्या पोराला शिकवलं तर म्हणतील, ह्यांचं कामच ते. माझ्या बापानं मला शाळेत घातलं ते कोयता सुटावा म्हणून. शाळेनं परत कोयताच दिला तर?”

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. तो मांडणारे ते पहिले नाहीत. 1937 साली वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींची हाताच्या कामातून शिकवणारी नई तालीम पुढे आली. मी तिचा जुना चाहता आहे. पण त्याच्या आदल्याच वर्षी डॉ. आंबेडकरांनी ‘अॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये दाखवून दिले होते, की जात ही नुसती श्रमांची विभागणी नाही, श्रमिकांचीच विभागणी आहे. 1953 साली मद्रास राज्यात राजाजींनी अर्धा वेळ शाळा आणि उरलेल्या वेळात घरचा धंदा अशी योजना आणली. लोकांनी तिला कुलधंद्याचे शिक्षण म्हटले, मोठा विरोध झाला, आणि पुढच्या वर्षी कामराज सत्तेवर आल्यावर ती मागे घेतली गेली. हाताच्या कामाची थोरवी सांगणाऱ्यांनी हा इतिहास टाळून चालणार नाही. मी तो टाळत होतो.

म्हणून त्या मेळाव्याबद्दलचे माझे मत मला अर्धे मागे घ्यावे लागते. सत्काराला उभ्या असलेल्या त्या तरुण अधिकाऱ्यांकडे पाहताना मला फक्त हार दिसला. मांडी घालून बसलेल्या एखाद्या मुलीला त्यात बाहेर पडण्याची वाट दिसली असेल. तिच्यापासून ती वाट हिरावून घेण्याचा अधिकार मला नाही. महात्मा फुल्यांनी 1882 साली हंटर आयोगापुढे निवेदन दिले. त्यात शेतीचे व्यावहारिक शिक्षण मागितले होते आणि बहुजनांसाठी शाळांची दारेही. दोन्ही मागण्या एकाच कागदावर होत्या. आपण त्या वेगळ्या केल्या.

मग कलबाग टाकून द्यायचे? नाही. मित्राच्या प्रश्नानंतर त्यांचे चार विभाग मी पुन्हा पाहिले, आणि आधी नजरेतून निसटलेली गोष्ट दिसली. तिथे निवड नव्हती. प्रत्येक मुलाने चारही विभाग करायचे. मुलीने वेल्डिंग, मुलाने स्वयंपाक आणि पोषण, शेतकऱ्याच्या पोराने वायरिंग. कुठल्याही एका घरात हे चारही नसतात. म्हणजे प्रत्येकाला घरात नसलेले काम हाती घ्यावेच लागते. नई तालीम आणि कुलधंदा यांच्यातली रेघ मला इथे सापडली. शाळेने मुलाला त्याच्या घरचे काम शिकवले तर ती जात पक्की करते. घरात नसलेले काम शिकवले तर तीच शाळा जात सैल करते.

या मापाने आपले उपक्रम तपासा. शाळाशाळांत बालबाजार भरतो. बागायतदाराचे मूल शेतातली मेथी आणून विकते, ज्याला शेत नाही ते मूल पाहुणे होऊन फिरते. तोच बाजार उलटा भरवता येईल. हिशेब आणि खरेदी भूमिहीन घरातल्या मुलांकडे, वजनकाटा आणि साफसफाई बागायतदारांच्या मुलांकडे. दप्तरमुक्त दिवसांत ऊसतोड कामगाराचे मूल पशुवैद्यकीय दवाखान्यात, दुकानदाराचे मूल बेदाणा शेडमध्ये, मुली पंप दुरुस्तीच्या गॅरेजमध्ये आणि मुलगे आमटीच्या भट्टीपाशी. शेजारच्या माढा तालुक्यातल्या परितेवाडीत रणजितसिंह डिसले यांनी क्यूआर कोड आणि आभासी सहलींमधून वर्गाच्या भिंती ओलांडल्या. 2020 सालचा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाल्यावर त्यांनी अर्धी रक्कम अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना दिली. त्यांनी मुलांच्या डोळ्यांना घराबाहेर नेले. हातांना नेणे उरले आहे.

पुढच्या मेळाव्यात भाषण जरूर ठेवा. पण त्याआधी प्रत्येक मुलाला विचारा, “तुझ्या घरात कुणीच करत नाही असं कोणतं काम तू या वर्षी केलंस?” ज्या शाळेत या प्रश्नाला प्रत्येकाकडे उत्तर असेल, तिथे करिअरची निवड ही खरोखर निवड असेल.

हे मित्राला पटले. पण त्यांनी एक अट घातली, आणि ती मी जशीच्या तशी लिहितो आहे: “सुरुवात आमच्या पोरापासून नको. वर्ग झाडायची पहिली पाळी सगळ्यात मोठ्या बागायतदाराच्या नातवाची लावा. तो महिनाभर टिकला, की मग माझ्या नातीला वेल्डिंग शिकवा.”

अट रास्त आहे. ती पाळूनच सुरुवात व्हायला हवी.