अंतर मोजायचं कशानं?

जग किती जवळ आलं हे मोजणारे निर्देशांक आहेत. स्वित्झर्लंडमधल्या केओएफ संस्थेचा त्यातला एक. व्यापार, परकी गुंतवणूक, पर्यटक, स्थलांतरित, वकिलाती, इतकंच काय, मॅकडोनाल्ड्स आणि आयकियाची दुकानंही त्यात मोजली जातात. (वडापावच्या गाड्या अजून नाहीत!) प्रत्यक्षात किती देवघेव झाली आणि नियमांनी किती होऊ शकते, असे दोन हिशेब ते वेगळे ठेवतात. हे मला प्रामाणिक वाटतं.

तरी एप्रिल 2020 पासून माझं या आकड्यांशी भांडण आहे.

आई गेली तेव्हा मी शारजात होतो. मार्चमध्येच भारतानं आंतरराष्ट्रीय विमानं थांबवली होती. गुहागरजवळच्या आमच्या गावी धाकट्या भावानं सगळं केलं. अमिरातीत व्हॉट्सअॅपवर कॉल लागत नाही, म्हणून दुसऱ्याच अॅपवरून मी दहाव्याला नदीवर 'हजर' होतो. कावळा शिवेना. भाऊ म्हणाला, "दादा, तू बोल काहीतरी. तुझ्यातच जीव अडकला असेल." मी फोनमधून म्हणालो, "आई, येतो मी लवकर." तेवढ्यात चित्र गोठलं.

त्या वर्षी सीमा ओलांडणारी माणसं एकदम घटली आणि माहितीची ये-जा वाढली. माझा तो कॉल वाढलेल्या बाजूला जमा झाला असणार.

रडगाणं गायचं नाही मला. माझे पणजोबा मुंबईत गिरणीत होते. त्यांची आई पावसाळ्यात गेली. बोटी बंद, हातात फक्त पोस्टकार्ड, तेही दिवस उलटून गेल्यावर आलेलं. त्यांच्यापेक्षा मी आईच्या जवळ होतो, हे मान्य करायलाच हवं. पण किती जवळ?

हे निर्देशांक देशांचे असतात. मला माणसाला विचारायचा एक प्रश्न त्यात हवा आहे: घरून तशी बातमी आली, तर किती दिवसांत पोचशील? अमिरातीत दर दहांतले जवळपास नऊ लोक बाहेरून आलेले. त्यांची उत्तरं एकसारखी येणार नाहीत. आमच्या इमारतीचा नेपाळी वॉचमन आणि मी, स्थलांतरितांच्या मोजणीत दोघेही एकेक. विमानं सुरू झाल्यावर मी तिकीट काढलं आणि गेलो. त्याचे वडील त्याच उन्हाळ्यात गेले होते. त्याला रजा दोन वर्षांतून एकदा, आणि तिला अजून चौदा महिने होते. माझी बॅग टॅक्सीत त्यानंच ठेवली.